बैठकीआधी ऐका, बैठकीत गोष्ट सांगा: गावात पुढाकार घेणाऱ्यांसाठी सविस्तर पद्धत

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूरपासून निपाणीपर्यंत आपल्या मराठी गावांत बैठकांना तोटा नाही. देवस्थान पंच कमिटी, दूध डेअरी, सोसायटी, शाळेची एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती), बायकांचा स्त्रीशक्ती संघ, शिवाय वॉर्डसभा आणि ग्रामसभा. बहुतेक ठिकाणी क्रम ठरलेला असतो. आधी भाषण, मग ठराव, आणि सगळे उठायच्या बेतात असताना "कुणाला काही बोलायचं आहे का?" तोवर बायका स्वयंपाकाला निघून गेलेल्या असतात. हात वर करून मंजूर झालेला ठराव दुसऱ्या दिवशी गल्लीत कुणी पाळत नाही, आणि मग अध्यक्ष म्हणतात, "लोक ऐकतच नाहीत."

लोक ऐकत नाहीत, कारण त्यांचं कुणी आधी ऐकलेलं नसतं. काम होतं ते उलट्या क्रमाने: बैठकीच्या आठ-दहा दिवस आधी ऐकायचं, त्या ऐकण्यातूनच गोष्ट निवडायची, आणि भाषण सगळ्यात शेवटी, सगळ्यात थोडं करायचं. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. गोष्ट आधी ठरवून मग ऐकायला गेलात, तर आपल्या गोष्टीला जुळेल तेवढंच कानावर पडतं.

सगळीकडे एकच उदाहरण धरतो. ग्रामपंचायतीची कचरागाडी सुरू झाली आहे, ओला आणि सुका कचरा वेगळा द्यायचा आहे, आणि घरोघरी तो एकत्रच येतो आहे. तुम्ही वॉर्डाचे सदस्य आहात किंवा संघाच्या अध्यक्षा.

## पूर्वतयारी: काय पक्कं आहे, काय मोकळं आहे

वहीत दोन वाक्यं लिहा. पहिलं, जे बदलणार नाही: "कचरा वेगळाच द्यायचा आहे." दुसरं, जे लोकांच्या बोलण्यावर बदलू शकतं: "गाडीची वेळ, थांबायची जागा, डबे कुणी आणायचे."

दुसरं वाक्य लिहिता येत नसेल तर ऐकायला जाऊ नका. सगळंच आधी ठरलेलं असताना मत विचारणं ही लोकांची फसवणूक आहे, आणि एकदा फसलेला माणूस पुढच्या वेळी तोंड उघडत नाही. अशा वेळी सरळ नोटीस लावा आणि निर्णय झाला आहे असं स्पष्ट सांगा. तेही प्रामाणिकच आहे.

## पायरी १: कुणाचं ऐकायचं, त्याची यादी करा

बैठकीत जे बोलतात ते तुम्हाला माहीतच आहेत. यादी करायची ती न बोलणाऱ्यांची. गल्लीवार घरं डोळ्यांसमोर आणा आणि प्रत्येक गल्लीतून दोन-तीन माणसं निवडा:

- घरातल्या सुना. सासू बैठकीला येते, कचरा सून टाकते.
- मच्छे, उद्यमबागच्या कारखान्यांत पाळीने जाणारे. रात्रपाळीवाला सकाळी झोपलेला असतो.
- रोजंदारीवर शेताला जाणाऱ्या बायका.
- गावातली कन्नड आणि उर्दू बोलणारी घरं. मराठी गाव म्हणताना ही घरं यादीतून आधी गळतात.
- ज्यांच्यावर निर्णयाचा थेट भार पडतो ते. इथे गाडी चालवणारी आणि शेडमध्ये कचरा निवडणाऱ्या बायका.
- तुमच्या विरोधात उभा राहिलेला उमेदवार किंवा त्याच्या घरचं कुणीतरी.

शेवटचं नाव बहुतेक जण टाळतात. टाळू नका. जो आक्षेप बैठकीत सगळ्यांसमोर येणार आहे, तो आधी त्याच्या सोप्यात बसून ऐकलेला बरा.

वेळही जपून निवडा. भाताची रोप लावणी चालू असताना किंवा रताळी काढणीच्या दिवसांत कुणाच्या दारात वही घेऊन उभं राहू नका. गावात वार पाळणूक असेल तर तो दिवस उत्तम, कारण त्या दिवशी माणसं शेताला जात नाहीत, घरी भेटतात. दुधाच्या वेळेला डेअरीच्या कट्ट्यावरही बरंच कानावर येतं, पण तिथलं बोलणं सगळ्यांसमोरचं असतं. खरं कारण परसात कळतं.

> तपासा: यादीत निम्म्याहून जास्त पुरुष आहेत का? सगळी नावं तुमच्याच भावकीतली किंवा तुमच्याच गल्लीतली आहेत का? तसं असेल तर यादी पुन्हा करा.

## पायरी २: ऐका

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं थांबतो.

मत विचारू नका, घडलेलं विचारा. "तुम्ही कचरा वेगळा का करत नाही?" हा प्रश्न वाटतो, पण ऐकणाऱ्याला तो आरोप लागतो. माणूस एक तर गप्प बसतो, नाहीतर शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. त्याऐवजी विचारा, "मामी, काल गाडी आली तेव्हा तुम्ही कुठं होता? मग कचऱ्याचं काय केलं?" आता मामी सांगतील, "गाडी येतंय दहाला, आम्ही आठलाच शेताकडं गेलेलो असतोय की ओ. सासूबाईंना डब्यातलं काय कळत नाही, सगळं एकातच ओततात." या एका उत्तरात गाडीची वेळ, घरातली कामाची वाटणी आणि डब्यांची अडचण अशा तीन गोष्टी आल्या. "का" विचारून यातली एकही आली नसती.

उत्तरानंतर गप्प राहा. अमेरिकेत मेरी बड रो या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी वर्गांत मोजून पाहिलं होतं. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदच थांबत. तेच शिक्षक तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांब झाली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. मोठ्या माणसांनाही हेच लागू आहे. समोरच्याचं बोलणं संपलं असं वाटलं की मनात सावकाश पाच मोजा. महत्त्वाचं वाक्य पुष्कळदा त्या थांबण्यानंतर येतं, आणि त्याची सुरुवात "तसं नाही ओ, खरं सांगायचं तर..." अशी असते.

ऐकलेलं परत सांगा. कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्ये सक्रिय ऐकण्याची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच: समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत परत सांगायचं, त्यातली भावना धरून. "म्हणजे मामी, वेगळं करायला तुमची ना नाही, पण गाडीच्या वेळेला घरात करणारं कुणी नसतं, आणि वर लोक नावं ठेवतात त्याचा राग येतो. बरोबर?" मामी "होय" म्हणाल्या तर पुढे चला. "तसं नव्हे" म्हणाल्या तर आणखी चांगलं, कारण चुकीचं समजून तुम्ही उठला नाहीत.

उत्तर द्यायला जाऊ नका. "ते पीडीओंच्या (पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या) हातात आहे", "निधी आला नाही", "वरूनच तसं आहे" हे सगळं खरं असेल, पण या भेटीत बोलायचं नाही. तुम्ही बचाव सुरू केलात की समोरचा सांगणं थांबवतो आणि वाद घालू लागतो. आश्वासनही देऊ नका. एकच वाक्य पुरे: "हे मी लिहून घेतो, बैठकीत मांडतो."

त्यांचेच शब्द लिहा. "महिलांच्या कामाच्या वेळेशी विसंगती" असं वहीत लिहिलंत की मामी त्यातून गेल्या. "आठलाच शेताकडं गेलेलो असतोय" असंच लिहा. पुढे गोष्ट सांगताना हेच शब्द लागणार आहेत.

### भाषेची अडचण वेगळी धरा

आपल्या भागात ऐकण्याला एक जादा थर आहे. पंचायतीची नोटीस कन्नडमध्ये, पीडीओंचं बोलणं कन्नडमध्ये, ऐकणारी आज्जी मराठी. कन्नड शाळेत शिकलेल्या नातवाला नोटीस वाचता येते, पण सभेला तो नसतो. उलटही होतं. मराठी बोलणाऱ्या पंचांच्या बैठकीत कोपऱ्यातलं कन्नड घर दोन तास मान हलवत बसतं. दोन्हीकडे शेवटी "होय, होय" होतं आणि इतिवृत्तात "सर्वानुमते मंजूर" लिहिलं जातं.

त्या "होय"वर विसंबू नका. ते बहुतेक वेळा आदराचं असतं, कधी लाजेचं, कारण चारचौघांत "मला कळलं नाही" म्हणणं जड जातं. "कळलं का?" हा प्रश्नही म्हणूनच निरुपयोगी आहे, त्याला "होय"च मिळतं. विचारा, "अक्का, आता घरी जाऊन सुनेला काय सांगाल?" त्यांनी सांगितलं की काय पोचलं आणि काय नाही, दोन्ही कळतं. परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून भार स्वतःवर घ्या: "मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय."

दुसऱ्या भाषेतल्या घरी जाताना त्या भाषेत सहज बोलणारं माणूस बरोबर घ्या, पण ज्याचा त्या विषयात स्वतःचा लाभ-तोटा आहे तो नको. कचऱ्याचं ऐकायला जाताना कचरागाडीचा ठेकेदार दुभाषी म्हणून चालणार नाही. दुभाष्याला आधी सांगून ठेवा की सारांश नको, वाक्य संपलं की थांबून तेवढंच सांग. आणि बोलताना दुभाष्याकडे बघू नका, ज्यांच्या घरी आलात त्यांच्याकडे बघा. मोडकंतोडकं का होईना, पहिलं वाक्य त्यांच्या भाषेत बोला. चुकलं तर ते हसतील आणि दुरुस्त करतील, आणि तिथूनच बोलणं मोकळं होतं.

> सावधान: लहान मुलांना दुभाषी करू नका. आईची अडचण मुलाच्या तोंडून गावापुढे येणं आईला अपमानाचं वाटतं, आणि घरातल्या काही गोष्टी मुलासमोर ती बोलणारच नाही.

## पायरी ३: त्याच रात्री वहीतलं निवडून लावा

दुसऱ्या दिवसावर टाकू नका, शब्द पुसट होतात. तीन रकाने करा: काय घडलं, काय खुपलं, काय मागितलं. एकाच तक्रारीचे वेगवेगळे शब्द एकाखाली एक लिहा. मग पूर्वतयारीत लिहिलेली दोन वाक्यं समोर घ्या आणि दुसरं वाक्य नव्याने लिहून बघा. आता तिथे "गाडी सकाळी सातला", "डब्यांवर चित्र", "सासवांसाठी वेगळी अर्ध्या तासाची बैठक" असं काहीतरी आलं असेल.

> तपासा: आठ-दहा घरं फिरूनही दुसऱ्या वाक्यात एक शब्दही बदलला नसेल, तर तुम्ही ऐकायला गेला नव्हता, समजावायला गेला होता. आणखी तीन घरं करा, आणि या वेळी बोलायला नाही, फक्त लिहायला जा.

## पायरी ४: गोष्ट निवडा आणि परवानगी घ्या

बैठकीत गोष्ट एकच. तीत एक माणूस, एक दिवस, एक अडचण आणि त्याने केलेली एक निवड असावी. "गावातल्या महिलांना त्रास होतो" ही गोष्ट नव्हे, तो निष्कर्ष झाला.

आपल्या उदाहरणात समजा, शेडमध्ये निवडणाऱ्या एका बाईने सांगितलं: भाताच्या खरकट्यात फुटलेली काचेची बाटली होती, हातमोजा फाटून बोट कापलं, चार दिवस कामावर येता आलं नाही, चार दिवसांचा रोज बुडाला. पाचव्या दिवशी ती परत आली, पण आता प्रत्येक पिशवी आधी काठीने उलगडून बघते, म्हणून काम दुप्पट वेळ चालतं. या गोष्टीत सगळं आहे. पण ती उचलून थेट माईकवर नेऊ नका.

गाव लहान आहे. नाव घेतलं नाही तरी "वरच्या गल्लीतली, नवरा गोव्याला कामाला आहे" एवढ्यावर माणूस ओळखू येतो. रोज बुडाल्याचं सांगितलं की घरची ओढाताणही उघडी पडते. म्हणून क्रम असा: तुम्ही ती कशी सांगणार आहात ते आधी तिला पूर्ण सांगून दाखवा, शब्दांसकट. काय गाळायचं ते तिला ठरवू द्या. तिलाच सांगायची असेल तर माईक तिला द्या आणि तुम्ही खाली बसा. ती नको म्हणाली तर विषय संपला, दुसरी गोष्ट शोधा. "नाव बदलून सांगतो" ही पळवाट मोठ्या शहरात चालेल, पाचशे उंबऱ्यांत चालत नाही.

> सावधान: रडवणारी गोष्ट म्हणजे चांगली गोष्ट असं धरू नका. ऐकून लोकांना दया आली आणि करायचं काय ते कळलं नाही, तर त्या बाईचं दुःख विनाकारण गावभर झालं.

## पायरी ५: गोष्ट बांधा

बांधणीसाठी दूर जायला नको. महानुभाव पंथाने दृष्टांताची त्रिपुटी घालून दिली आहे: सूत्र, दृष्टांत, दार्ष्टान्तिक. आधी म्हणणं, मग गोष्ट, मग गोष्टीचा त्या म्हणण्याशी सांधा. आपल्या हरिनाम सप्ताहांत कीर्तन ऐकत वाढलेल्या कानांना हे वळण ओळखीचं आहे. आपण बैठकीत चुकतो ते तिसऱ्या भागात. गोष्ट सांगून होते, टाळ्या पडतात, आणि सांधा राहून जातो.

सांध्यासाठी हार्वर्डमध्ये शिकवणारे मार्शल गँझ यांची मांडणी उपयोगी पडते. ते तीन प्रश्न घेतात: मी यात का पडलो, आपण सगळे कोण आहोत, आणि आत्ता काय करायचं. गावच्या बैठकीत पहिल्याला दोन वाक्यं पुरेत, लोक तुम्हाला ओळखतात. दुसऱ्याला थोडी जास्त. तिसऱ्याला नेमकेपणा हवा:

*"शेडमधल्या अक्का आपल्याच गावच्या. त्यांच्या हातात जी पिशवी जाते ती आपल्याच घरातून जाते, मराठी घरातून, कन्नड घरातून, सगळ्यांच्या. येत्या सोमवारपासून एवढंच करायचं: काच आणि ब्लेड कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत. आणि गाडी दहाऐवजी सातला यावी असा ठराव आज मांडतोय, कारण तुमच्यातल्या पुष्कळ जणींनी तेच सांगितलं."*

इथे मागणी लहान आहे, दिवस सांगितला आहे, आणि पंचायत स्वतः काय बदलणार तेही त्याच दमात आलं आहे. लोकांनी बदलायचं आणि कार्यालयाने जागचं हलायचं नाही, अशी गोष्ट कुणाला पटत नाही.

आता मोठ्याने सांगून बघा. तीन मिनिटांच्या वर गेली तर कापा. सुरुवातीची प्रस्तावना आणि शेवटचा उपदेश आधी कापा, घडलेला प्रसंग कापू नका.

मग ती अशा माणसाला सांगा ज्याला विषय ठाऊक नाही, आणि त्याला परत सांगायला लावा. ही पायरी सोडू नका. स्टॅनफर्डमध्ये एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक प्रयोग केला होता. काहींनी ओळखीच्या गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा, बाकीच्यांनी गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता, निम्मी गाणी ओळखली जातील. १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल चालू असते, ऐकणाऱ्याला नुसती टकटक. आठ दिवस कचऱ्याचा विचार करून तुमच्या डोक्यातही अशी चाल बसलेली असते. "विलगीकरण", "घनकचरा", "स्रोत" असले शब्द ती टकटक आहेत.

दोन भाषांत सांगायची असेल तर एकाच माणसाने वाक्यागणिक भाषांतर करत सांगू नका, गोष्ट मरते. कन्नड बोलणाऱ्या एखाद्या पंचाला किंवा ताईला ती आधी पूर्ण ऐकवा आणि त्यांना आपल्या ढंगाने सांगू द्या. शब्द वेगळे होतील, होऊ द्या. सोमवार आणि सातची वेळ मात्र दोघांच्या तोंडी तीच हवी.

## पायरी ६: बैठक चालवा

आपल्याकडे दीपप्रज्वलन, फोटोपूजन, स्वागत, शाल-श्रीफळ आणि प्रास्ताविक यांतच पाऊण तास जातो. पूजन ठेवा, ते लोकांना हवं असतं. सत्कार दुसऱ्या दिवसावर न्या. बायकांना घरी परतायची घाई असते आणि त्यांचा वेळ तुम्ही सत्काराला देऊन टाकता.

पुढचा क्रम:

१. ऐकलेलं वाचून दाखवा. नावाशिवाय, त्यांच्याच शब्दांत, पाच-सहा मुद्दे. तुमच्या विरोधातला मुद्दाही त्यात हवा.

२. "यात काय राहिलं?" विचारा आणि थांबा. पहिला माईक मागच्या रांगेला किंवा बायकांच्या बाजूला जाऊ द्या. नेहमीचे वक्ते आधी बोलले की बाकीचे त्यांच्या मागे दडतात.

३. गोष्ट.

४. प्रस्ताव, तारीख आणि जबाबदार माणसासह.

५. हरकती. प्रत्येक हरकत परत सांगून मगच उत्तर.

मध्येच कुणीतरी उठून म्हणेल, "नोटीस मराठीत का नाही? आधी त्याचं बोला." त्याला "विषय सोडून बोलू नका" म्हणू नका. ते दुखणं खरं आहे आणि जुनं आहे. परत सांगा: "नोटीस मराठीतही हवी, नाहीतर निम्म्या गावाला कळत नाही, असं तुमचं म्हणणं आहे. ही मागणी वेगळी लिहून घेतोय आणि आजच्या इतिवृत्तात घालतोय. गाडीच्या वेळेचा ठराव झाला की त्यावर बोलू." आणि खरंच लिहा, खरंच बोला. या भावनेवर स्वार होऊन टाळ्या मिळवणं सोपं असतं, पण त्या टाळ्यांत कन्नड घर सभेतून मनाने उठून जातं आणि काच पुन्हा त्याच पिशवीत येते.

> तपासा: बैठकीत तुम्ही किती वेळ बोललात आणि बाकीचे किती, हे कुणाला तरी घड्याळ लावून मोजायला सांगा. तुमचा वाटा एक तृतीयांशाच्या वर गेला असेल तर पुढच्या वेळी प्रास्ताविक दुसऱ्याला द्या.

## पायरी ७: परत जा

ज्या घरांत ऐकायला गेलात, तिथे आठवड्याच्या आत निरोप पोचला पाहिजे: तुमच्या म्हणण्यातलं हे घेतलं, हे घेतलं नाही, न घेण्याचं कारण हे. नकार सांगायला संकोच वाटतो म्हणून बरेच जण इथे गळतात. कारणासह आलेला नकार लोक पचवतात. काहीच न कळवणं पचवत नाहीत.

ठराव दोन्ही भाषांत, मोठ्या अक्षरांत, मंदिराच्या आणि डेअरीच्या भिंतीवर लावा. व्हॉट्सअॅप गटावर कागदाचा फोटो टाकून भागवू नका. दीड मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून टाका, एक मराठीत, एक कन्नडमध्ये, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही ऐकता येईल.

पंधरा दिवसांनी शेडमध्ये जाऊन विचारा की पिशव्यांत काच येते का अजून. गोष्ट जिची होती तिला विचारा. जे उत्तर येईल ते तारखेसह वहीत लिहा. वॉर्डसभा ग्रामसभेच्या आधी होते, तेव्हा त्या वॉर्डसभेचा पहिला विषय म्हणून तेच उत्तर वाचा.